कान आहेत, खोली नाही

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातून फ्री जॅझ वाजवणारा गिटारवादक घडू शकेल का, असं विचारलं की उत्तर तयार असतं: ‘पण ऐकणार कोण?’ त्यामागे एक समजूत असते. संगीत म्हणजे मागणी तसा पुरवठा, आणि इथली मागणी मिरवणुकीची, हळदीची, फार तर जुन्या गाण्यांच्या ऑर्केस्ट्राची. दुसरं उत्तर जरा सुशिक्षित असतं: ‘अस्सल प्रतिभा कुठेही असली तरी वर येते, आणि नाही आली तर समाजानं तिची उपेक्षा केली असं समजावं.’ पहिल्या उत्तरात दोष श्रोत्याचा, दुसऱ्यात समाजाचा. दोन्हींत कुणाला काही करावं लागत नाही, हे त्यांचं मुख्य आकर्षण.

मला दोन्ही उत्तरं उथळ वाटतात. प्रयोगशील वादकाची कारकीर्द श्रोत्यांच्या संख्येवर उभी राहत नाही, नुसत्या प्रतिभेवरही नाही. तिला चार आधार लागतात: पोट भरणारं दुसरं काम, त्याच वेडाचे दोन-तीन सोबती, जे वाजलं ते टिपून जपणारं कुणीतरी, आणि आठवड्यातून एकदा मोठ्यानं चुकता येईल अशी खोली. यातले पहिले तीन आपल्या पट्ट्यात आहेत किंवा जुळवता येतात. चौथा नाही. त्यामुळे हा प्रश्न अभिरुचीचा कमी आणि जागेचा जास्त आहे. हे सिद्ध करायला मी एका गोवन माणसाची कारकीर्द आणि इंग्लंडमधल्या एका पोलादी शहरातली माडी साक्षीला काढणार आहे.

१. गिटारची अडचण

जॅझमध्ये साधारणपणे एक धून असते आणि तिच्याखाली कॉर्ड्सचं ठरलेलं चक्र फिरत असतं. वादक त्या चक्रावर आपली कल्पना चालवतो. १९६० च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये ऑर्नेट कोलमन यांनी आठ वादकांना घेऊन ‘फ्री जॅझ’ नावाची तबकडी ध्वनिमुद्रित केली. त्याच सुमारास लंडनमध्ये जमैकाहून आलेले सॅक्सोफोनवादक जो हॅरियट ‘फ्री फॉर्म’ वाजवत होते. दोघांनी एकमेकांची नक्कल केली नव्हती. चक्र सोडायचं, ठोक्याची सक्ती सोडायची, आणि तरीही एकमेकांना ऐकत एकत्र राहायचं, असा तो प्रयोग होता.

यात सर्वांत मोठी पंचाईत गिटारची झाली. जॅझमधल्या गिटारचं नेमून दिलेलं कामच कॉर्ड्स पुरवण्याचं. कॉर्ड्सच गेल्या, तर तिनं करायचं काय? अमेरिकेत सॉनी शॅरॉक यांना मुळात सॅक्सोफोन वाजवायचा होता, पण दमा होता. म्हणून त्यांनी गिटारवरच सॅक्सोफोनसारखा आक्रोश काढला. इंग्लंडमध्ये डेरेक बेली यांनी सुरांची सलग ओळच मोडली. हार्मोनिक्स, तुटक अंतरं, तारेवरच्या नखाचा ओरखडा, यांचीच त्यांनी भाषा केली. तिसरी वाट आपल्या जवळच्या माणसाची: अमान्सिओ डिसिल्वा.

काटेकोर बोलायचं तर डिसिल्वांना फ्री जॅझवाले म्हणता येणार नाही. त्यांच्या धुना नीट बांधलेल्या आहेत, ठोका सहसा शाबूत असतो. पण त्यांनी कॉर्ड्सच्या चक्राऐवजी एका स्थिर आधारस्वरावर एकेरी सुरांची लांब ओळ चालवली, आणि खुद्द फ्री जॅझच्या एका आरंभकर्त्याशी, हॅरियट यांच्याशी, बरोबरीनं संवाद केला. ते उंबऱ्यावर उभे होते, असं म्हणू. कारकिर्दीचा अभ्यास करायला उंबऱ्यावरचा माणूस बरा, कारण आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही जगांचा हिशेब त्याला चुकता करावा लागतो.

२. ‘उपेक्षित प्रतिभावंत’ ही सोयीची गोष्ट

डिसिल्वांची गोष्ट अशी सांगतात. १९३६ साली मुंबईत गोवन कुटुंबात जन्म. तरुणपणीच गिटारवर विलक्षण हात. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवींची मर्जी बसली, त्यांनी गिब्सन गिटार घेऊन दिली. १९६७ मध्ये मुलाच्या उपचारांसाठी कुटुंब इंग्लंडला गेलं. १९६९ साली ‘इंटिग्रेशन’ आणि ‘हम दोनो’ हे दोन अल्बम आले, पुढे आणखी एक-दोन. १९७२ साली ध्वनिमुद्रित झालेला ‘कोकण डान्स’ पडून राहिला आणि बाहेर आला २००६ मध्ये. तोवर, १९९६ साली, डिसिल्वा लंडनमध्ये वारले होते. ‘हम दोनो’ची मूळ तबकडी संग्राहकांच्या बाजारात चढ्या भावानं विकली जात होती, आणि सामान्य श्रोत्याला ती पुन्हा मिळाली २०१५ मध्ये. झालं. हळहळायचं आणि पुढे जायचं.

या गोष्टीत तपशील खोटा नाही, पण ती एक गोष्ट लपवते. हा माणूस वाजवू शकला तो कशाच्या जोरावर? नाकारणाऱ्यांची यादी करायला आपल्याला आवडतं, पुरवणाऱ्यांची करायचं सुचत नाही. खरं तर ती यादी डिसिल्वांनी स्वतःच करून ठेवली आहे. ‘इंटिग्रेशन’ आणि ‘हम दोनो’मधल्या रचनांची नावं पाहा: ‘महाराणी’, ‘जयपूर’, ‘जॉइस कंट्री’, ‘स्टेफानोज डान्स’, ‘बॅलड फॉर गोवा’, ‘स्प्रिंग लो, स्वीट हॅरियट’. वाद्य देणारी आश्रयदाती, तिचं शहर, पत्नी, मुलगा, जिथून कान आला तो मुलूख आणि शेजारी उभा असलेला सोबती. एखाद्या जमाखर्चाच्या वहीतली जमेची बाजू वाचावी तसं हे वाचता येतं. इतक्या उघडपणे आपले आधार शीर्षकांत मांडणारा कलावंत विरळा.

३. चार आधार, एकेक करून

*पहिला: दुसरं काम.* फ्री जॅझवर कुणी पोट भरलं असं सहसा होत नाही. न्यूयॉर्कमध्येही नाही. मोठं नाव असलेल्या शॅरॉक यांनी मधल्या वर्षांत गाडी चालवली, विशेष गरजा असलेल्या मुलांची देखभाल करण्याची नोकरी केली. बेलींनी उमेदीची वर्षं नाचघरांत, रेडिओच्या वाद्यवृंदांत, विनोदी कार्यक्रमांच्या साथीला गिटार वाजवत काढली. डिसिल्वा हॉटेलांत वाजवत होते, उत्तरायुष्यात ते लंडनमध्ये गिटार शिकवत. हे कमीपणाचं मानण्याची आपल्याला सवय आहे. मला उलट दिसतं. पोटाचं काम वेगळं असलं की प्रयोगाला कुणाची मर्जी राखावी लागत नाही.

पण ते काम असावं लागतं, आणि ते कायद्यानं, धोरणानं जातं किंवा येतं. मुंबईच्या जॅझचं उदाहरण घ्या. १९३० आणि ४० च्या दशकांत ताजमहाल हॉटेलात आणि दक्षिण मुंबईच्या क्लबांत गोवन वादकांना रात्रीचं काम होतं. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात दारूबंदी आली, कायदा १९४९ चा. क्लबांचा धंदा बसला. वादकांची अभिरुची रातोरात बदलली नाही, पण काम बदललं. ते सिनेमाच्या स्टुडिओत गेले. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या १९५१ च्या ‘अलबेला’मध्ये शिक चॉकलेट यांचा ट्रंपेट वाजतो तो याच वळणावर. सेबॅस्टियन डिसोझांसारख्या संयोजकांनी हिंदी सिनेमाचा वाद्यवृंद घडवला तोही त्याच काळात. सिनेमाचं त्यात सोनं झालं, पण मध्यरात्रीनंतर गिऱ्हाईक पांगल्यावर वादक आपापसांत जे वाजवून पाहत ती वेळच नाहीशी झाली.

*दुसरा: सोबती.* हॅरियट नसते तर ‘हम दोनो’ नसता. त्या तबकडीवर ट्रंपेटवर इयान कार आहेत आणि नॉर्मा विन्स्टन यांचा गळा आहे. विन्स्टन शब्द गात नाहीत, गळा वाद्य म्हणून वापरतात. गिटार आणि गळा एकाच ओळीतून जाताना कधी कोण पुढे आहे ते कळत नाही, मग सॅक्सोफोन मध्येच तिरका शिरतो आणि ओळ फुटते. असं फुटणं एकट्यानं साधत नाही. समोरच्याचा धक्का बसावा लागतो.

इथे एका मराठी नावाची आठवण करून देतो, कारण मराठी संगीतविषयक लेखनात ते फारसं येत नाही. तबलावादक केशव साठे. मुंबईचे. १९५६ साली ते लंडनला गेले. संगीतकार जॉन मेयर आणि जो हॅरियट यांच्या ‘इंडो-जॅझ’ प्रयोगांत तबला त्यांचा. १९६७ साली जर्मनीत ‘जॅझ मीट्स इंडिया’ ही तबकडी झाली. तीत पियानोवर इरेन श्वायत्सर, ट्रंपेटवर मानफ्रेड शूफ आणि तबल्यावर केशव साठे. श्वायत्सर आणि शूफ ही युरोपातल्या फ्री जॅझची पहिल्या फळीतली नावं. म्हणजे ज्या संगीताला आपण ‘आपलं नव्हे’ म्हणतो, त्याच्या जन्माच्या वेळी एक साठे मांडी घालून बसलेले होते.

*तिसरा: टिपणारा.* डिसिल्वा, हॅरियट, मेयर या सगळ्यांच्या मागे एकच निर्माता होता: डेनिस प्रेस्टन. लंडनच्या लॅन्सडाउन स्टुडिओत ते स्वतःच्या हिमतीवर ध्वनिमुद्रण करत आणि मग मोठ्या कंपनीला देत. ‘कोकण डान्स’ पडून राहिला हे खरं. पण तो टिपला गेला आणि टेप जपली गेली, म्हणूनच ३४ वर्षांनी बाहेर येऊ शकला. मुंबईतल्या क्लबांत रात्री-अपरात्री जे वाजलं त्यातलं बहुतेक कुणी टिपलंच नाही. त्याला उपेक्षाही म्हणता येत नाही. उपेक्षा करायला वस्तू शिल्लक असावी लागते.

*चौथा: खोली.* गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना सुरांचं लेखन-वाचन आणि व्हायोलिन शिकवलं जाई. पोर्तुगीज काळातली ती व्यवस्था नसती तर मुंबईच्या वाद्यवृंदांना नोटेशन वाचणारे वादक मिळाले नसते. मुंबईत आल्यावर धोबीतलाव-माझगावच्या कूडांत, म्हणजे गावोगावच्या गोवन मंडळींच्या सामाईक बिऱ्हाडांत, नाममात्र भाड्यात पथारी पसरायला जागा मिळे. एकीकडे चर्चची खोली, दुसरीकडे कूड. ‘गोवन माणसाच्या रक्तातच संगीत असतं’ हे वाक्य मला म्हणूनच आळशी वाटतं. रक्ताचं श्रेय द्यायला हरकत नाही, पण आधी खोल्यांचं देऊ या.

४. शेफिल्डची माडी

‘हे सगळं लंडन-मुंबईचं. कारखान्यांच्या गावात कसं होणार?’ असं कुणी म्हणेल. म्हणून शेफिल्ड. पोलादाचं शहर, इंग्लंडच्या उत्तरेकडचं, राजधानीपासून दूर. १९६३ ते १९६६ या काळात डेरेक बेली, ड्रमवादक टोनी ऑक्सली आणि तेव्हा बास वाजवणारे गॅव्हिन ब्रायर्स असे तिघे ‘द ग्रेप्स’ नावाच्या पबच्या माडीवर दर शनिवारी दुपारी जमत. रात्री तिघेही कुठे ना कुठे मजुरीचं वाजवत. दुपार मोकळी, माडी मोकळी. आरंभी ते नेहमीचंच जॅझ वाजवत. मग हळूहळू एकेक नियम सुटत गेला आणि तीन वर्षांच्या अखेरीस ते पूर्णपणे मुक्त वादन करू लागले होते. युरोपीय मुक्त वादनाचा इतिहास या माडीला वळसा घालून लिहिता येत नाही.

या घटनेत बाकी सगळं आहे: मजुरीचं काम, तिघे सोबती आणि खोली. टिपणारा मात्र जवळपास नव्हता, म्हणून त्या तीन वर्षांचं ध्वनिमुद्रण नावापुरतंच उरलं आहे. श्रोते किती होते याला महत्त्व नव्हतं, ते नसते तरी चाललं असतं. लंडनलाही हेच घडलं. १९६६ च्या जानेवारीपासून ड्रमवादक जॉन स्टीव्हन्स आणि मंडळी ‘लिटल थिएटर क्लब’मध्ये, रात्रीचं नाटक संपल्यावर, रिकाम्या जागेत वाजवू लागली. दोन्हीकडे नवी वास्तू कुणी बांधली नव्हती. दुसऱ्या कामाच्या वास्तूतले फुकट जाणारे तास कुणीतरी वापरायला दिले होते.

५. आपला पट्टा

आता हे चार आधार घेऊन कल्याणच्या पुढे येऊ.

कानांपासून सुरुवात करतो, कारण आक्षेप त्यांच्यावर आहे. आगरी-कोळी हळदीत बेंजो ऐकला आहे ना? टाइपरायटरसारख्या बटणांवर डावा हात, उजव्या हातात प्लास्टिकची पट्टी, खाली पोलादी तारा, आणि त्यांचा आवाज पिकअपमधून थेट स्पीकरच्या भिंतीत. हे वाद्य मूळचं जपानी. १९१२ साली नागोयात ते जन्मलं आणि इथे येऊन त्याचं आपलं वाद्य झालं. स्पीकर कुवतीपलीकडे रेटला की तारेचा आवाज फाटतो, चरचरतो, आणि नाचणाऱ्यांना तोच हवा असतो. शॅरॉक यांच्या गिटारीतला फाटका आवाज ऐकून शिष्ट श्रोते सभागृहाबाहेर जात. आपल्या हळदीत आजीसुद्धा त्या आवाजात बसून पान लावते. तेव्हा विजेवरच्या तारेच्या फाटक्या आवाजाची सवय नसलेले कान, हा आरोप इथे तरी टिकत नाही. बेंजोवर चाल असते, ठेका असतो, हे मान्य. पण आवाजाची भीती गेलेली आहे, आणि ती अर्धी लढाई असते.

काम? ऑर्केस्ट्रा, हळदी, नवरात्र, गिटारचे क्लासेस. शिवाय अंबरनाथची एमआयडीसी, ऑर्डनन्स फॅक्टरी, उल्हासनगरचा फर्निचर आणि कापडाचा बाजार, आणि मुंबईला नेणारी लोकल. पोटापुरतं काम मिळवणं कठीण आहे, पण ते सगळ्यांनाच कठीण आहे. गिटारवाल्याला वेगळं नाही.

सोबती? २०११ च्या जनगणनेत तिन्ही शहरांची मिळून लोकसंख्या नऊ लाखांपुढे होती, त्यानंतर बदलापूर किती वाढलं ते स्टेशनच्या पुलावर उभं राहिलं की दिसतं. एवढ्या माणसांत चौघे वेडे सापडणार नाहीत हे गणित मला पटत नाही. टिपणं तर आता खिशातल्या मोबाइलवर होतं. प्रेस्टनसारखा निर्माता नसला तरी टेप गहाळ होण्याचं कारण उरलेलं नाही.

राहिली खोली. उल्हासनगर हे दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बरॅकींत वसलेलं शहर. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना इथे आणलं, एकेका बरॅकीत आडोसे घालून कुटुंबं राहिली, १९४९ साली गावाला नाव मिळालं. सुमारे १३ चौरस किलोमीटरमध्ये पाच लाखांवर माणसं. खाली दुकान, मागे कारखाना, वर घर. जिथे प्रत्येक चौरस फूट कमावतो, तिथे न कमावणारी खोली कुणाला परवडणार? अंबरनाथला शिवमंदिराच्या परिसरात, शके ९८२ चा शिलालेख असलेल्या त्या देखण्या मंदिराशेजारी, मोठा कला महोत्सव भरतो. चांगलंच आहे. पण महोत्सव तयार झालेल्या माणसाला बोलावतो, तयार होऊ पाहणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. हजारो लोकांसमोर चुकता येत नाही. बदलापूरच्या नव्या संकुलांत क्लब हाऊस असतात, पण ती बारशाला आणि सोसायटीच्या सभेला.

मग वादक मुंबईला जातो. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर. गिटार पाठीला लावून संध्याकाळच्या उलट्या दिशेच्या गाडीत शिरता येतं, अँप्लिफायर मात्र लगेजच्या डब्यात घालावा लागतो. परतीला शेवटच्या कर्जत गाडीवर नजर. रात्रीच्या मैफिलीचा जो भाग सर्वांत मोकळा असतो, म्हणजे ठरलेलं वाजवून झाल्यावरचा, तो वेळापत्रकानं आधीच कापलेला असतो. ‘प्रतिभा वर येतेच’ म्हणणाऱ्यांनी हा प्रवास महिनाभर अँप्लिफायरसकट करून पाहावा.

६. आक्षेप

*‘हा तर नुसता गोंगाट. कुणीही वाजवेल.’* कुणीही वाजवेल हे खरं, पण दहा मिनिटं. अकराव्या मिनिटाला आपल्याकडचे तयार तुकडे संपतात, आणि मग माणूस एकतर स्वतःचीच पुनरावृत्ती करतो किंवा समोरच्याला ऐकू लागतो. हॅरियट हे बीबॉपचे, म्हणजे नियमांत बांधलेल्या वेगवान जॅझचे, इंग्लंडमधले अव्वल वादक होते; नियम सोडण्याआधी ते नियम कोळून प्यायले होते. बेलींच्या हातात अखेरच्या वर्षांत प्लेक्ट्रम धरवेना, तेव्हा त्यांनी अंगठ्यानं वाजवायचं नव्यानं शिकून २००५ साली ‘कार्पल टनेल’ हा अल्बम केला. गोंगाट करणाऱ्याला एवढा खटाटोप लागत नाही. अर्थात वाईट फ्री जॅझ असतं, भरपूर असतं, आणि ते वाईट ख्यालापेक्षा असह्य असतं, कारण तिथे निदान राग तरी सांभाळून घेतो.

*‘आपल्याकडे रागसंगीतात उत्स्फूर्तता आहेच. मग ही आयात कशाला?’* हा आक्षेप वजनदार आहे. बेलींनी १९८० साली उत्स्फूर्त वादनावर पुस्तक लिहिलं, त्याची सुरुवातच भारतीय संगीताच्या प्रकरणानं होते. आलापाचं ऋण त्यांना मान्य होतं. पण दोन्ही स्वातंत्र्यं वेगळी आहेत. ख्यालगायकाला माहीत असतं की कुठे परतायचं, समेची जागा ठरलेली असते, मोकळीक त्या दरम्यान. मुक्त वादनात परतायची जागाही वाजवता वाजवताच ठरवावी लागते, आणि ती एकट्यानं ठरत नाही. एक चांगलं म्हणून दुसरं नको, असं मला वाटत नाही. शिवाय रागसंगीताला गुरुगृह होतं, दरबार होता, पुढे आकाशवाणी आणि गणेशोत्सवाचे मांडव मिळाले. तेही खोल्यांवरच जगलं. गुरूच्या घरची ओसरी ही खोलीच होती.

*‘आता घरी लॅपटॉप आहे, हेडफोन आहे. खोली कशाला?’* एकट्याचं संगीत त्यावर होतं, उत्तम होतं. पण मुक्त वादन म्हणजे समोरच्याच्या खांद्याची हालचाल पाहून अर्ध्या क्षणात दिलेलं उत्तर. इंटरनेटवर आवाज पोचायला लागणाऱ्या विलंबात नेमकं तेच मरतं. आणि ड्रम हेडफोनमध्ये बसत नाही.

*‘पाण्याचे टँकर लागतात तिथे चार हौशी पोरांवर सार्वजनिक पैसा?’* हा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे, आणि पैशापुरता मी तो मान्य करतो. अनुदान मागूच नये. अनुदानाबरोबर अर्ज येतो, अर्जाबरोबर समिती, समितीबरोबर ‘लोकांना आवडेल असं काहीतरी’. मोठा मंचही मागू नये. मुंबईत १९७८ पासून जॅझ यात्रा भरत असे, रंगभवनच्या उघड्या मंचावर जगातले मोठे वादक येऊन गेले. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमानं रंगभवन बंद पडलं. मोठ्या मंचाचं असंच होतं, एक नियम बदलला की सगळं जातं. लहान खोल्या दहा असल्या तर एक गेली तरी नऊ उरतात.

मागणी आहे ती तासांची. या तीन शहरांत रविवारी बंद असणारे शाळांचे वर्ग आहेत, साप्ताहिक सुट्टीला कुलूप असणाऱ्या एमआयडीसीतल्या शेड आहेत, कामगार संघटनांची कार्यालयं आहेत, ज्ञाती संस्थांचे हॉल आहेत. शेफिल्डची वेळ दुपारची होती हे इथे कामाला येतं: ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांतली रात्री दहाची मर्यादा आड येत नाही, शेवटची गाडीही नाही. शेजारच्यांची तक्रार येईल, तर शेड निवडावी. तिथे आठवडाभर पत्रा कापला जातो, गिटारनं कुणाची झोप मोडणार नाही.

*‘आणि पाच-दहा वर्षांत काहीच निघालं नाही तर?’* निघणार नाही, ही शक्यता मोठी आहे. बहुतेक खोल्यांतून काही निघत नाही. शेफिल्डच्या तिघांनीही १९६६ मध्ये माडी सोडली तेव्हा त्यांच्या हाती दाखवण्याजोगं काही नव्हतं. ब्रायर्स तर पुढे मुक्त वादनावर नाराज होऊन लिखित रचनेकडे वळले. त्या क्षणी हिशेब केला असता तर प्रयोग फसला असाच निकाल आला असता. म्हणून खोली देताना निकालाची अट घालू नये, फक्त वागणुकीची घालावी: रविवारी दुपारी १ ते ४, विजेचं बिल वादकांनी भरायचं, बाकं जागच्या जागी लावायची, मोडतोडीची हमी लेखी, आणि सलग तीन रविवार कुणी आलं नाही तर किल्ली परत. खाजगी शाळा असेल तर यासाठी संस्थेच्या कार्यकारिणीचा एक ठराव पुरतो.